उडत्या तबकड्या उडतात कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी बघून होते, गुरूचे चंद्र मोजून होतात, आणि मग कुणीतरी जवळ येऊन विचारतंच: "सर, त्या तबकड्यांचं काय?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्यातून न्यूटनपासून आईन्स्टाईनपर्यंत सगळ्यांची भेट होते. खाली "तबकड्या आहेत की नाहीत" हा वाद नाही. लोक सांगतात तशा त्या उडत असतील, तर त्यासाठी किती ऊर्जा लागेल, हवेचं काय होईल आणि मागे कोणत्या खुणा राहतील, हे शक्य तिथे आकड्यांनिशी लिहिलं आहे.

"तबकडी" हे नाव आलं कुठून?

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा वैमानिक अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळून आपलं छोटं विमान चालवत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू रांगेनं जाताना दिसल्या. रेनियर ते माउंट अॅडम्स हे अंतर त्यांनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापल्याचं त्यानं घड्याळावर पाहिलं. बरीच सूट धरूनही वेग ताशी १,९०० किलोमीटरच्या वर जात होता. तोवर कोणत्याही वैमानिकानं सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. चक येगरनं तो त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला ओलांडला. चपटी बशी पाण्यावर फेकली की टप्पे खात जाते, तशी त्या वस्तूंची चाल होती, असं अर्नोल्डचं वर्णन. वर्तमानपत्रांनी चालीचं वर्णन आकाराला लावलं आणि तबकडी जन्माला आली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: अर्नोल्डचा सगळा हिशेब वस्तू किती लांब होत्या या त्याच्या अंदाजावर उभा होता.

उड्डाणात नेमकं विचित्र काय असतं?

एकदम आणि प्रचंड त्वरण. ध्वनीच्या कित्येक पट वेग असूनही ना आवाज ना उष्णतेची खूण. पंख आणि इंजिन न दिसता अधांतरी थांबणं. रडारला किंवा डोळ्यांना धड न सापडणं. आणि हवेतून पाण्यात, पाण्यातून हवेत सहज जाणं. अमेरिकी संरक्षण खात्यात काम केलेल्या लुईस एलिझोंडो यांनी ही पाच लक्षणं मांडली आणि तेव्हापासून चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं यातली पहिली दोन सर्वांत कठीण आहेत. अधांतरी थांबणं तर फुग्यालाही जमतं.

सर्वांत गाजलेलं उदाहरण कोणतं, आणि त्याचे आकडे काय सांगतात?

नोव्हेंबर २००४. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर समुद्रात निमिट्झ या विमानवाहू नौकेचा ताफा सराव करत होता. प्रिन्स्टन या युद्धनौकेच्या रडारवर काही दिवस अनोळखी वस्तू दिसत होत्या. १४ तारखेला डेव्हिड फ्रेव्हर आणि अॅलेक्स डिट्रिच यांची लढाऊ विमानं तिकडे वळवली गेली. त्यांना सुमारे १२ मीटर लांबीची, पांढरी, गुळगुळीत, टिक-टॅक गोळीच्या आकाराची वस्तू समुद्रावर घुटमळताना दिसली. पंख नाहीत, धूर नाही. थोड्या वेळात ती झपकन निघून गेली.

रडार पाहणाऱ्यांनी पुढे सांगितलं, की अशी वस्तू २८,००० फुटांवरून समुद्राजवळ ०.७८ सेकंदात आली. २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केविन क्नूथ आणि सहकाऱ्यांनी याच आकड्यांवरून त्वरण काढलं. हे गणित अकरावीचा विद्यार्थीही करू शकतो, म्हणून करूनच बघू. अंतर साडेआठ किलोमीटर. पहिल्या अर्ध्या अंतरात वेग वाढवला आणि उरलेल्या अर्ध्यात कमी केला असं धरू. त्वरण म्हणजे अंतराची चौपट भागिले वेळेचा वर्ग. उत्तर येतं सेकंदाला सेकंदाला सुमारे ५६,००० मीटर, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या (याला थोडक्यात "जी" म्हणतात) साडेपाच हजार पटींहून जास्त. मधल्या टप्प्यावर वेग सेकंदाला जवळजवळ २२ किलोमीटर. तुलनेसाठी, तेवढ्याच उंचीवरून निर्वातात दगड सोडला तरी खाली यायला ४२ सेकंद लागतील.

आता ऊर्जा. वस्तूचं वस्तुमान एक टन धरू. बारा मीटरच्या यानाला हे अगदी कमीच आहे. अर्ध्या वाटेवर तिची गतिज ऊर्जा २४० अब्ज ज्यूल होते, म्हणजे ५७ टन टीएनटीच्या स्फोटाएवढी. ती ०.३९ सेकंदात द्यायची तर सरासरी सहाशे गिगावॅट शक्ती हवी. आपला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. म्हणजे तीनशेहून जास्त कोयना एकाच वेळी पूर्ण क्षमतेनं, आणि त्याही एका टनासाठी. उरलेल्या ०.३९ सेकंदात हीच सगळी ऊर्जा कुठेतरी टाकून द्यायची आहे. ती गेली कुठे? समुद्र उकळला नाही, लख्ख प्रकाश पडला नाही. माझ्या मते हा प्रश्न "इंजिन कोणतं" या प्रश्नापेक्षा मोठा आहे, आणि त्याच्याकडे फारच कमी लक्ष जातं.

याच गणिताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वेळेचा वर्ग छेदात आहे. ०.७८ ऐवजी ७.८ सेकंद लागले असतील तर त्वरण शंभरपट कमी होऊन ५७ जी उरतं. ७८ सेकंद लागले असतील तर अर्धा जी, म्हणजे सामान्य विमानाचं काम. त्या दिवसाची मूळ रडारनोंद लोकांसमोर आलेली नाही. साडेपाच हजार जी हा आकडा आठवणीतून सांगितलेल्या एका वेळेवर उभा आहे. फ्रेव्हर आणि डिट्रिच यांनी काहीतरी पाहिलं याबद्दल मला शंका घ्यावीशी वाटत नाही. त्या एका दशांशचिन्हावर मात्र मी नवं भौतिकशास्त्र उभारणार नाही.

एवढ्या त्वरणात आतल्या प्रवाशाचं काय होईल?

नेहमीच्या यानात तो जगणार नाही. लढाऊ वैमानिक खास पोशाख घालून सुमारे ९ जी काही सेकंद सोसतात. जॉन स्टॅप या अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरनं १९५४ मध्ये रॉकेटच्या गाड्यावर स्वतःला बांधून घेऊन ४६ जी सोसले, तेही क्षणभर, आणि डोळ्यांत रक्त उतरलं. यंत्रं मात्र बरीच कणखर असतात. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यात बसवलेले काचेच्या नळ्यांचे रेडिओ फ्यूज तोफेतून सुटताना २०,००० जी सोसत असत. म्हणजे "५,००० जी मध्ये कुठलीच वस्तू टिकणार नाही" हे विधान चूक आहे. लहान, भरीव, माणूस नसलेली वस्तू टिकू शकते. बारा मीटरचं पोकळ यान टिकणं ही वेगळी गोष्ट.

ध्वनीचा वेग ओलांडला तर कडाडून आवाज व्हायला हवा ना?

हो. हवेतले रेणू एकमेकांना "बाजूला व्हा" हा निरोप ध्वनीच्या वेगानं देतात. वस्तू त्याहून जोरात आली की निरोपाआधी ती स्वतः पोचते, हवा पुढे दाबली जाते आणि आघात तरंग तयार होतो. याचं निसर्गानं दाखवलेलं उदाहरण आपल्याकडे आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा अशनी सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं आला. हा वेग निमिट्झच्या गणितातल्या वेगाच्या जवळपासचा आहे. अशनी फुटला तो तीसेक किलोमीटर उंचीवर, तरी सूर्याहून प्रखर उजेड पडला, हजारो इमारतींच्या काचा फुटल्या आणि सुमारे १,५०० लोकांना उपचार घ्यावे लागले. निमिट्झची वस्तू त्याहून खूप खालच्या, दाट हवेत होती. अर्ध्या वाटेवर, चार किलोमीटर उंचीवर, सेकंदाला २२ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या वस्तूच्या नाकावर काही हजार वातावरणांएवढा दाब येतो. तिथे शांतता शक्य नाही. अपवाद एकच: हवा वस्तूला आपटण्याआधीच बाजूला सारली गेली तर.

तशी युक्ती करता येईल का, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर गंभीर काम झालं आहे. फ्रान्सच्या ज्याँ-पिएर पेती यांनी १९७० च्या दशकात असं मांडलं, की यानाभोवतीची हवा आयनित (म्हणजे विद्युतभारित) करून तिच्यातून वीज खेळवली आणि चुंबकीय क्षेत्र लावलं, तर हवेला आधीच बाजूला ओढता येईल आणि आघात तरंग तयार होणार नाही. तत्त्वात चूक नाही. पण अशी आयनित हवा चमकते, तापते आणि रेडिओ लहरींना त्रास देते. म्हणजे आवाज गेला तर त्या जागी झगमगाट येतो. नासाचं एक्स-५९ हे विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. लांबलचक नाकामुळे त्याचा आवाज गडगडाटाऐवजी धप्प असा ऐकू यावा अशी त्याची रचना आहे. तिथेही तरंग पसरवला आहे, संपवलेला नाही, आणि वेग ध्वनीच्या दीडपटीच्या आतच आहे.

साधं रॉकेट का चालणार नाही?

रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीचं १९०३ चं रॉकेटसूत्र इथे आडवं येतं: हवा असलेला वेग वाढला की लागणारं इंधन बेसुमार वाढतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या उत्तम इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटर वेगानं बाहेर पडतो. आपल्याला एकदा २२ किलोमीटर वेग मिळवायचा आहे आणि पुन्हा तो शून्यावर आणायचा आहे. त्यासाठी एक टनाच्या यानाचं सुरुवातीचं वजन इंधनासकट २१,००० टन लागेल. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ सारखी सात रॉकेटं, एका बुडीसाठी.

काहीच मागे न फेकता पुढे जाता येईल का?

होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. पुढे जायचं तर कशाला तरी मागे ढकलावं लागतं: पाणी, हवा, वायू किंवा निदान प्रकाश. नट कितीही तरबेज असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, हा दृष्टांत आपल्याकडे जुनाच आहे. संवेगाच्या अक्षय्यतेला तो अगदी चपखल बसतो.

प्रकाश फेकला तर? चालेल, पण एक न्यूटन बलासाठी ३०० मेगावॅटचा झोत हवा. एक टनाचं यान नुसतं अधांतरी धरायला जवळजवळ तीन हजार गिगावॅट, म्हणजे दीड हजार कोयना, आणि तो झोत खालची जमीन वितळवेल.

बंद डब्यात सूक्ष्मलहरी खेळवून ढकल मिळवण्याचा दावा ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांनी २००१ च्या सुमारास केला. "एमड्राइव्ह" हे त्याचं नाव. २०१६ मध्ये नासाच्या एका छोट्या प्रयोगशाळेनं दर किलोवॅटला १.२ मिलीन्यूटन ढकल मिळाल्याचं प्रसिद्ध केलं आणि मोठी खळबळ उडाली. मग ड्रेस्डेनच्या मार्टिन टायमार यांच्या गटानं तोच प्रयोग अधिक नाजूक तराजूवर केला. २०२१ पर्यंत स्पष्ट झालं, की ढकल नव्हतीच. उपकरण तापून किंचित प्रसरण पावत होतं आणि तराजू कलत होता. टायमार यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी दाव्याकडे पाठ फिरवली नाही, मोजून दाखवलं.

विजेच्या जोरावर, पंखा न लावता उडता येतं का?

येतं. टाउनसेंड ब्राउन यांनी १९२० च्या दशकात उच्च दाबाच्या विजेनं वस्तू सरकते हे पाहिलं आणि त्यात वीज व गुरुत्वाचा गुप्त संबंध असल्याचं मानलं. प्रत्यक्षात तो आयनांचा वारा आहे: विजेनं हवेतले आयन ढकलले जातात आणि ते उरलेल्या हवेला घेऊन जातात. निर्वातात तो परिणाम नाहीसा होतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या स्टीव्हन बॅरेट यांनी २०१८ मध्ये याच तत्त्वावर पाच मीटर पंखविस्ताराचं, अडीच किलोच्या आतलं विमान बंद सभागृहात ६० मीटर उडवलं. फिरणारा एकही भाग नाही आणि ४०,००० व्होल्ट. ते उड्डाण पाहताना मला खरंच भरून आलं होतं. पण ते एखाद्या मोठ्या पतंगासारखं संथ चालतं. पाण्यातही असंच आहे: चुंबक आणि विजेनं समुद्राचं पाणी मागे ढकलणारी जपानची यामातो-१ ही नौका १९९२ मध्ये कोबे बंदरात चालली, ताशी सुमारे १५ किलोमीटरनं.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटून?

ते क्षेत्र फार क्षीण आहे. दहा मीटरच्या तारेनं एक टन उचलायचं तर तिच्यातून अडीच कोटी अँपिअर वीज न्यावी लागेल. शिवाय वीज परत आणायला वेटोळं पूर्ण करावं लागतं, आणि एकसारख्या क्षेत्रात पूर्ण वेटोळ्यावरचं एकूण बल शून्य असतं. ते फक्त वळतं. होकायंत्राची सुई वळते, उडत नाही.

मग गुरुत्वाकर्षणावरच ताबा मिळवला असेल तर?

ही कल्पना लोकांना का भुरळ घालते ते मला पूर्ण समजतं. गुरुत्व शरीरातल्या प्रत्येक अणूला सारखंच ओढतं. म्हणून अवकाशस्थानकातला अंतराळवीर पृथ्वीकडे सतत पडत असूनही त्याला काहीच जाणवत नाही. यान आणि प्रवासी अशा क्षेत्रात "पडत" असतील तर ५,००० जी त्वरणातही चेंदामेंदा होणार नाही. नासाच्या लँग्ली केंद्रातले अभियंते पॉल हिल यांनी याच दिशेनं विचार केला. तबकडी पुढे जाताना पुढे कलते, थांबताना मागे कलते, या वर्णनांवरून तिच्या तळातून बलक्षेत्र निघत असावं असा त्यांचा अंदाज होता.

अडचण गुरुत्वाच्या दुबळेपणात आहे. दहा मीटर अंतरावर ५,७०० जी ओढ निर्माण करायला ८ वर १६ शून्यं इतकं किलो वस्तुमान लागतं. मंगळाचा चंद्र फोबोस २२ किलोमीटरचा आहे. असे आठ फोबोस एका यानात दाबून बसवावे लागतील. आणि ते शेजाऱ्यांनाही ओढतील. फ्रेव्हर यांचं विमान वस्तूपासून सुमारे ८०० मीटरवर असताना ती निसटली. त्या अंतरावर विमानाला जवळजवळ एक जी ची आडवी ओढ बसली असती. वैमानिकाला ती न जाणवणं अशक्य.

दुसरा मार्ग अवकाश-कालालाच वाकवण्याचा. मेक्सिकोचे मिगेल अल्क्युबिएरे यांनी १९९४ मध्ये आईन्स्टाईनच्या समीकरणांत बसणारा एक बुडबुडा मांडला: पुढचं अवकाश आकसतं, मागचं पसरतं आणि मधला प्रवासी निवांत. गणित बिनचूक आहे. पण त्यासाठी ऋण ऊर्जा हवी, म्हणजे रिकाम्या अवकाशाहूनही कमी ऊर्जा. ऋण ऊर्जेची झलक कॅसिमिर परिणामात दिसते. त्याचं भाकीत १९४८ चं, नेमकं मापन १९९७ चं. पण ती अतिशय जवळ ठेवलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये, अगदी नगण्य प्रमाणात. १९९७ मध्येच फेनिंग आणि फोर्ड यांनी दाखवलं, की १०० मीटरच्या बुडबुड्याला दिसणाऱ्या विश्वाच्या वस्तुमानाहूनही कितीतरी जास्त ऋण ऊर्जा लागेल. पुढे लोकांनी आकार बदलून ती गरज खूप खाली आणली. २०२४ मध्ये तर ऋण ऊर्जेशिवायचा, प्रकाशाहून कमी वेगाचा बुडबुडाही गणितात बसवला गेला. ही सुंदर प्रगती आहे. पण त्या उदाहरणातल्या वीसेक मीटरच्या कवचात गुरू ग्रहाच्या दुपटीहून जास्त वस्तुमान आहे आणि तो स्थिर वेगानंच जातो. झपकन वेग घेणं आणि झपकन थांबणं हे त्यात अजून नाही, आणि आपल्याला समजावून घ्यायचं आहे ते नेमकं तेच.

हिंगोलीतल्या लायगोला असं यान ऐकू येईल का?

औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेबद्दल हे अनेक जण विचारतात. अल्क्युबिएरेचा एक किलोमीटरचा बुडबुडा कोसळला तर गुरुत्वीय लहरी कशा निघतील, हे काही शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये संगणकावर काढलं. त्यांची कंप्रता सेकंदाला सुमारे तीन लाख येते. लायगोचे कान फार तर काही हजारांपर्यंतच ऐकतात. तेव्हा नाही, पण वेगळ्या प्रकारचं उपकरण बांधलं तर तत्त्वतः शोधता येईल.

अमेरिकी नौदलाकडे अशा यानाचं पेटंट आहे म्हणे?

आहे. साल्वातोरे पाइस या नौदलाच्या अभियंत्याला डिसेंबर २०१८ मध्ये "जडत्व कमी करणाऱ्या" यानाचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे यंत्र चालतं याचा दाखला नव्हे. नौदलानं तीन वर्षं आणि सुमारे पाच लाख डॉलर खर्चून मूळ कल्पनेची चाचणी घेतली. परिणाम दिसला नाही आणि काम थांबलं.

पाण्यात शिरणाऱ्या वस्तू?

पाणी हवेच्या सुमारे आठशेपट दाट आहे. रशियाचा श्क्वाल हा पाणतीर (टॉर्पेडो) स्वतःभोवती वायूचा बुडबुडा तयार करून ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. २०१३ मध्ये पोर्टो रिकोत अग्वादियाजवळ घेतलेल्या अवरक्त चित्रफितीत वस्तू समुद्रात शिरून पुन्हा वर आल्यासारखी दिसते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ॲरो या शाखेनं तपासल्यावर निष्कर्ष निघाला, की ती पाण्यात गेलीच नाही. वाऱ्याबरोबर जाणाऱ्या दोन वस्तू होत्या, बहुधा आकाशकंदील.

आपल्या पुराणांतली विमानं? पाऱ्याचं इंजिन? तळपदे?

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर यान उडवल्याची कथा मराठी घरांत मोठ्या अभिमानानं सांगितली जाते. मलाही ती खरी असती तर हवीच होती. पण त्या उड्डाणाचा समकालीन, पडताळता येणारा पुरावा हाती नाही. ज्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. मजकूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असल्याचं आणि त्यातली यानं उडू शकत नाहीत असं त्यांना आढळलं. अशा यानांत पाऱ्याचं इंजिन होतं असंही सांगितलं जातं. पाऱ्याबद्दल मात्र एक खरी गोष्ट सांगतो. १९६४ मध्ये नासानं अवकाशात चालवून पाहिलेलं पहिलं आयन इंजिन पाऱ्याच्या वाफेवरच चालत होतं. त्याची ढकल छापायच्या एका कागदाच्या वजनाहूनही कमी होती. निर्वातात महिनोन्महिने ढकलत राहिलं तर ती पुरते. जमिनीवरून उचलायला नाही.

दिवा काटकोनात वळला, क्षणात थांबला. हे कसं?

खरोखर काटकोनात वळायचं तर अनंत त्वरण हवं. वस्तुमान असलेल्या कोणत्याच गोष्टीला ते शक्य नाही. ज्याला वस्तुमानच नाही त्याला जडत्वही नाही: टॉर्चचा कवडसा भिंतीवर हवा तसा पळतो. ढगावर पडलेला झोत, भिंगातली चमक, रडारवरचा खोटा ठिपका हे सगळे याच जातीचे. बेल्जियममध्ये ३० मार्च १९९० च्या रात्री दोन एफ-१६ विमानांच्या रडारनं अशाच अचाट उड्या टिपल्या होत्या, आणि जमिनीवर ध्वनीचा कडकडाट कुणी ऐकला नाही. पुढच्या तपासात रडारनं पकडलेले काही ठिपके दुसऱ्या एफ-१६ चेच निघाले आणि काही वातावरणातून परतलेल्या रडारलहरींचे असावेत असं दिसलं. कडकडाट न होणं याचा सरळ अर्थ तिथे हवेला कापणारं काही नव्हतं असाही होतो.

पण चित्रफितीत तर वस्तू सुसाट जाताना दिसते!

अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेतलेली २०१५ ची "गो फास्ट" चित्रफीत घ्या. समुद्रालगत काहीतरी भन्नाट वेगानं जातंय असं वाटतं. पडद्यावरच विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि अंतर लिहिलेलं आहे. नासाच्या अभ्यासगटानं २०२३ मध्ये त्यावरून त्रिकोण सोडवला: वस्तू १३,००० फुटांवर होती आणि तिचा वेग ताशी साधारण ६५ किलोमीटर. विमान २५,००० फुटांवरून जोरात चाललं होतं, म्हणून मधल्या वस्तूमागचा समुद्र पळताना दिसला. एसटीच्या खिडकीतून जवळचं झाड लांबच्या डोंगरावरून धावत जाताना दिसतं तसंच. यालाच पराशय म्हणतात.

महाराष्ट्रात असं काही दिसलंय का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत हजारो लोकांनी आकाशातून ठिणग्यांची माळ संथपणे जाताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात मोठी धातूची कडी पडली. चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात परत येत होता. सेकंदाला सातआठ किलोमीटर वेगानं हवेत शिरलेली वस्तू कशी दिसते याचा तो जिवंत धडा होता: झगमगाट, तुकडे आणि जमिनीवर सापडणारा पुरावा. याखेरीज हैदराबादहून सोडलेले टीआयएफआर या संशोधन संस्थेचे फुगे संध्याकाळी उंचावर ऊन लागून चमकतात, आणि त्यांची उपकरणं कधीकधी आपल्या शिवारातही उतरतात. लडाखमध्ये २०१२ मध्ये जवानांनी शंभरावर नोंदी केलेले दिवे शुक्र आणि गुरू असल्याचं भारतीय खगोलभौतिकी संस्थेला आढळलं. जवानांना त्यासाठी कुणी हसू नये. अंधारात एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की तो हलतोच असं डोळ्यांना वाटतं.

म्हणजे सगळं उलगडलंय?

नाही. अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या. ७०१ अनुत्तरित राहिल्या. २०२१ च्या अमेरिकी सरकारी अहवालात १४४ पैकी एकच नक्की ओळखता आली, आणि तो हवा जात असलेला फुगा होता. अनुत्तरित म्हणजे परग्रहावरचं नव्हे, पण फालतूही नव्हे. या नोंदींत बहुतेक वेळा एकच गोष्ट नसते: दोन ठिकाणांहून एकाच क्षणी मोजलेलं अंतर. अंतराशिवाय वेग नाही, वेगाशिवाय त्वरण नाही, आणि त्वरणाशिवाय इंजिनाबद्दल बोलणं म्हणजे ताकडीशिवाय वजन सांगणं. म्हणून हार्वर्डमधला, उपकरणांनी अशा वस्तू शोधणारा गॅलिलिओ प्रकल्प किंवा नॉर्वेतल्या हेस्डालेन खोऱ्यातल्या दिव्यांवर १९८० च्या दशकापासून चाललेलं निरीक्षण मला कोणत्याही नव्या सिद्धांताहून जास्त महत्त्वाचं वाटतं.

उद्या मलाच काही दिसलं तर?

आधी घड्याळ बघा, सेकंदासकट. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. वस्तू क्षितिजापासून किती मुठी वर आहे आणि किती सेकंदांत किती मुठी सरकली ते लिहा. दोन सेकंदांत तीन मुठी सरकलेला दिवा शंभर मीटरवर असेल तर ताशी शंभर किलोमीटरनं चालला आहे, दहा किलोमीटरवर असेल तर दहा हजारांनं. चित्रण करताना चौकटीत झाडाचा शेंडा, इमारतीचा कोपरा किंवा ओळखीचा तारा ठेवा आणि झूम करू नका. कान देऊन ऐका, आणि आवाज आलाच तर दिसल्यानंतर किती सेकंदांनी आला ते मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. मग पंधरावीस किलोमीटरवर राहणाऱ्या मित्राला लगेच फोन करा, "आत्ता, याच दिशेला बघ आणि मुठी मोज" एवढंच सांगा. त्याची नोंद येईपर्यंत तुमची त्याला सांगू नका.